निरोगी, क्रमांक चाळीस

चाळिसावी नळी गुलाबी आली तेव्हा तिने आधी चष्मा पुसला. मग नळी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. मग ती स्टँडमध्ये परत ठेवली आणि हातमोजे बदलले, जणू रंग हातमोज्यांतूनच उतरला होता.

नळ्या दोन ओळींत होत्या. मागे क्षयरोग्यांच्या, पुढे निरोगी माणसांच्या. मागची ओळ गडद गुलाबी, पुढची जवळजवळ पाण्यासारखी. असंच यायला हवं होतं आणि चार महिने असंच येत होतं. त्या मंगळवारी मात्र पुढच्या ओळीतली शेवटची नळी मागच्या ओळीतून उठून पुढे येऊन बसल्यासारखी दिसत होती. तिच्यावर लिहिलं होतं, नि-४०. ‘नि’ म्हणजे निरोगी. चाळिसावा निरोगी माणूस ती स्वतः होती.

छातीच्या आजारांच्या रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर ही प्रयोगशाळा आहे. दोन खिडक्या, एक लांब ओटा, रक्त गरगर फिरवून त्यातलं पाणी वेगळं करणारं यंत्र, आणि कोपऱ्यात उकळत्या पाण्याचं चौकोनी भांडं. ती इथे बाविसाव्या वर्षी नळ्या धुवायला आली. धुता धुता बघत राहिली, मग नोकरी सांभाळून दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला आणि ओट्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. आता ती त्रेपन्न वर्षांची आहे. रुग्णालयात सगळे तिला ‘मिलीमीटर मावशी’ म्हणतात. त्याला कारण आहे. उभ्या नळीत रक्त तासभर ठेवलं की तांबड्या पेशी खाली बसतात. शरीरात दाह असेल तर त्या भराभर बसतात. किती बसल्या ते मिलीमीटरमध्ये मोजतात. एका मोठ्या डॉक्टरांनी पूर्वी तिला सांगितलं होतं की त्रेचाळीस काय नि चाळीस काय, चाळीस लिहून टाक. ती म्हणाली, “साहेब, रक्त त्रेचाळीसवर थांबलंय. त्याला मी काय करू?” डॉक्टर निवृत्त झाले, नाव चिकटून राहिलं.

गुलाबी रंगाची चाचणी तिच्याकडे नवी होती. रुग्णालयातल्या एका डॉक्टर बाई क्षयरोग्यांच्या रक्तात काय बिघडतं याचा अभ्यास करत होत्या. चाळीस रोगी, चाळीस निरोगी. पहिल्या दिवशी त्यांनी मावशींना समजावलं होतं, “क्षयाचा जंतू फुफ्फुसात शिरला की आपल्या पेशी त्याला मारायला धावतात. त्यांचं हत्यार म्हणजे एक प्रकारचा तिखट ऑक्सिजन. त्याने जंतू मरतो, पण आजूबाजूचं मांसही भाजून निघतं. लोखंड गंजतं ना, तसं शरीरातली चरबी गंजते. तो गंज आपण मोजायचा.” मावशी म्हणाल्या होत्या, “म्हणजे उंदीर मारायला घर पेटवायचं.” डॉक्टर बाईंनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. रक्तातलं पिवळं पाणी घ्यायचं, त्यात ॲसिड आणि एक पावडर घालायची, तासभर उकळायचं. गंज जास्त तेवढा रंग गुलाबी. यंत्रात नळी ठेवली की आकडा येतो. निरोगी माणसाचा ०.१२, फार तर ०.१६. रोग्यांचा ०.३०च्या पुढे.

नि-४०चा आकडा होता ०.३८.

रोगी मिळायला अडचण नव्हती, ते खाली व्हरांड्यात बाकांवर बसलेलेच असत. अडचण निरोगी माणसांची होती. घरदार सोडून रक्त द्यायला कोण येतो? मग अशा ठिकाणी जे नेहमी होतं तेच झालं. झाडूवाला, तिकीट खिडकीवरची बाई, दोन परिचारिका, लिफ्टवाला, सगळ्यांचे हात एकेक करून ओट्यावर आले. प्रत्येकासाठी एक फॉर्म. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का? ताप? वजन घटलं? घरात कुणाला टीबी? शेवटी एक ओळ, छातीचा एक्स-रे काढला आहे. बाहेरून आलेल्यांचे एक्स-रे काढले होते. आतल्यांच्या बाबतीत ती ओळ भरण्यापुरती भरली गेली. रोज कामावर येतोय तो निरोगी, हा इथला हिशोब. अहवाल शुक्रवारी पाठवायचा होता आणि सोमवारी एक माणूस कमी पडला, तेव्हा मावशींनी स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला, डाव्या हातातलं रक्त उजव्या हाताने काढलं आणि उभ्या उभ्या फॉर्म भरला. नाही, नाही, नाही, नाही. एक्स-रे, होय.

खोटं लिहिण्याचा हेतू नव्हता. तिला खोकला होता, पण तो ‘ॲसिडचा’ होता. प्रयोगशाळेत ज्याला त्याला ॲसिडचा खोकला असतो. बाटली उघडली की घसा धरतो, दिवसभर खाकरावं लागतं. तो खोकला फॉर्ममध्ये लिहायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. तिचा सहा आठवड्यांपासून चालू होता.

बरोबर सहा आठवड्यांपूर्वी तिच्या घरी नातू जन्मला होता.

मंगळवारी दुपारी तिच्यासमोर दोन वाटा होत्या, आकडा खरा धरायचा किंवा नमुना रद्द करायचा. रक्त काढताना सुईत तांबड्या पेशी फुटल्या तर आकडा खोटा वाढतो. असा नमुना रद्द करायची मुभा होती, आणि आधी तीन रद्द झालेही होते. तिने आपल्या उरलेल्या नमुन्याची कुपी काढून बघितली. पेशी फुटल्या असत्या तर पाण्यात तांबूस झाक आली असती. पाणी स्वच्छ पिवळं होतं. तरी तिने पेन्सिल घेतली आणि नि-४०समोर लिहिलं, ‘पेशी फुटल्या, रद्द.’ एकतीस वर्षांत पेन्सिलीने केलेली ही पहिली नोंद.

संध्याकाळी घरी पोहोचली तेव्हा मुलगी दारातच बाळ घेऊन उभी होती. बाळंतपणासाठी ती आईकडे आली होती. जावई लांबच्या गोदामात पाळीवर, शनिवारी यायचा. नवरा चौकात किल्ल्या बनवतो, तो दिवे लागल्यावर येतो. रोजचा क्रम असा होता की मावशी चप्पल काढायच्या, हात धुवायच्या आणि बाळ घ्यायच्या. सकाळची अंघोळही त्याच घालायच्या. पाय लांब करून, बाळ पायांवर घेऊन, त्याच्या तोंडाशी वाकून.

“घे, आजी आली. दिवसभर नुसती किरकिर,” मुलगी म्हणाली.

“नको आत्ता. हाताला ॲसिड लागलंय.”

“धू की मग.”

“धुऊन जात नाही लगेच.”

मुलीने एकदा हाताकडे बघितलं, एकदा तोंडाकडे, आणि आत गेली. रात्रीचं जेवण मावशींनी ओट्याशी उभ्यानेच उरकलं. सकाळी पाठ धरली म्हणून सांगितलं आणि अंघोळ मुलीला घालायला लावली. घरात दोन खोल्या. दाराच्या चौकटीपाशी उभं राहून त्या सूचना देत होत्या. मान धर. कान वाचव. मध्येच खोकला आला तेव्हा त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून खोकल्या.

बुधवारी तिने ठरवलं की चाचणी पुन्हा करायची. यावेळी सोबत एक खात्रीचा निरोगी माणूस हवा. तिने तळमजल्यावरच्या एक्स-रेवाल्याला बोलावलं. हा तिच्याच वयाचा, एकोणीस वर्षांपासूनचा सहकारी. त्याला ती ‘एक्स-रे’ म्हणते, तो तिला ‘मिलीमीटर’.

“माझं रक्त परवडेल का तुम्हाला?” बाही सरकवत तो म्हणाला. “त्यात चहाच निघायचा.”

“बोलू नका, सुई हलते.”

“कशाला हवंय?”

“यंत्र तपासायचंय.”

“यंत्र बिघडलंय की तुम्ही?”

तिने त्याच्या दंडावर कापूस दाबला. तिने दुसऱ्यांदा स्वतःचं रक्त काढलं, या खेपेला अगदी हळू. दोन्ही नळ्या उकळत्या पाण्यात ठेवल्या आणि त्याच तासात उभ्या नळीतही दोघांचं रक्त लावलं. मग स्टुलावर बसून राहिली. तासभर रक्त खाली बसताना पाहणं हे कुणाचं काम नाही, लोक घड्याळ लावून दुसऱ्या कामाला लागतात. ती हलली नाही. पहिल्या पंधरा मिनिटांतच तिच्या नळीत वर बोटभर पिवळं पाणी दिसू लागलं होतं. शेजारच्या नळीत रेघेएवढंही नव्हतं.

तासाने एक्स-रेवाल्याचा आकडा बारा मिलीमीटर. तिचा अठ्ठ्याहत्तर. गुलाबी रंगात तो ०.१४, ती ०.३९.

तो जिन्यावरून वर आला तेव्हा ती आकडे वहीत लिहीत होती. त्याने खांद्यावरून वाकून वाचले. त्याला ते वाचता येत होते. या इमारतीत एकोणीस वर्षं काढलेल्या कुणालाही येतात.

“हा अठ्ठ्याहत्तर कुणाचा?”

“एका बाईचा.”

“किती दिवस खोकते ती बाई?”

“ॲसिडचा आहे तो.”

“हो का! तुम्हा लॅबवाल्यांचा ॲसिडचा, आमचा एसीचा, झाडूवाल्याचा फिनेलचा. या इमारतीत खोकला म्हणून खोकला कुणालाच नाही. चला खाली.”

“आज नको. आज नमुने आहेत.”

“नमुने पळून चाललेत?”

“दाह कशानेही वाढतो. दात दुखला तरी वाढतो. सांधे धरले तरी वाढतो. नुसत्या आकड्यावरून—”

“मिलीमीटर,” तो म्हणाला, “तुमच्या घरी लहान मूल आहे.”

मावशी म्हणाल्या, “उद्या.” तो काय बोलतोय ते त्यांना कळलं होतं, आणि त्यांचं स्वतःचं म्हणणंही खोटं नव्हतं. रक्तातला गंज आणि दाह हे नुसते धुराचे लोट. आग कुठे लागली आहे ते त्यांवरून कळत नाही. एकतीस वर्षांच्या सवयीने त्यांना खात्री हवी होती, आणि खात्री मिळेपर्यंत गोष्ट झालीच नाही असं त्या धरून चालल्या होत्या. बुधवारची रात्रही त्या त्याच दोन खोल्यांत होत्या. झोपल्या मात्र मधलं दार लावून, खिडकी उघडी टाकून. नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, तुम्हीही बाहेरच झोपा, मला उकडतंय.” बाहेर बऱ्यापैकी गारवा होता. तो चादर घेऊन निमूट गेला.

गुरुवारी सकाळी आठ वाजता, रोग्यांची रांग लागायच्या आत, त्या एक्स-रेच्या पाटीला छाती टेकवून उभ्या राहिल्या. काचेपलीकडून तो रोजच्यासारखा ओरडला, “श्वास घ्या. धरून ठेवा.” त्यांनी श्वास धरला आणि तो धरवेना, मध्येच खोकला फुटला. दुसऱ्यांदा काढावा लागला.

पडद्यावर चित्र आलं तेव्हा त्याने खुर्ची बाजूला सरकवली. त्या आत आल्या. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात कापूस विस्कटल्यासारखं पांढरं होतं आणि त्यात एक काळं भोक, सुपारीएवढं.

“विनोद करा ना आता,” त्या म्हणाल्या.

“सुचत नाहीये.”

थुंकीचा नमुना त्यांनी स्वतः बाहेर उन्हात जाऊन दिला. जंतू शोधणारं यंत्र दोन तास घेतं. त्या दोन तासांत त्यांनी वर जाऊन वही उघडली, पेन्सिलीने लिहिलेलं खोडलं आणि शाईने लिहिलं, ‘नमुना चांगला. पेशी फुटलेल्या नाहीत. आकडा ०.३८ बरोबर. व्यक्ती निरोगी नाही.’ मग फॉर्म काढला. खोकल्यापुढचं ‘नाही’ एका रेघेने काटलं, ‘होय, सहा आठवडे’ लिहिलं. एक्स-रेपुढचं ‘होय’ काटलं. दोन्हीकडे सही केली, आणि तारीख गुरुवारची घातली, सोमवारची नाही.

डॉक्टर बाईंनी फॉर्म दोनदा वाचला. “मावशी, हे तुमचं आहे?”

“हो.”

“आतल्या लोकांपैकी किती जणांचे एक्स-रे खरंच काढलेत?”

“एकाचाही नाही.”

“अकरा जण आहेत आतले.”

“बारा. मला धरून.”

डॉक्टर बाई खुर्चीत बसल्या. शुक्रवारचा अहवाल आता जाणार नव्हता, हे दोघींना कळलं होतं. बाईंनी विचारलं, “घरी कोण कोण आहे?” मावशींनी सांगितलं. शेवटचं सांगताना दिवस मोजून सांगितले, पंचेचाळीस.

“आत्ताच्या आत्ता फोन करा,” डॉक्टर बाई म्हणाल्या. “रिपोर्टची वाट बघू नका.”

त्यांनी फोन केला नाही. अशी गोष्ट फोनवर सांगायची नसते असं त्यांना वाटलं. तोंडाला मास्क बांधून त्या घरी गेल्या आणि उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. मुलगी बाळाचे कपडे घड्या करत होती.

“आत ये की. आणि हा मास्क काय?”

“इथूनच सांगते. मला टीबी आहे. फुफ्फुसाचा.”

मुलीचे हात थांबले. तिने आधी बाळाकडे बघितलं. ते झोपलं होतं, मुठी डोक्याच्या दोन्ही बाजूंना टाकून.

“कधी कळलं?”

“एक्स-रे आत्ता सकाळी.”

“ते नाही विचारलं. ॲसिड लागलंय म्हणालीस तो मंगळवार होता. पाठ धरली म्हणालीस तो बुधवार. तुला मंगळवारीच कळलं होतं.”

“खात्री नव्हती.”

“खात्री तुझ्या वहीला लागते, आई. मला शंकासुद्धा पुरली असती. मंगळवारीच उठून मी याला घेऊन गेले असते.”

सहा आठवड्यांपुढे दोन दिवस काय, असं म्हणता आलं असतं. आणि ते डॉक्टरी दृष्टीने बरोबरही होतं. मावशी एवढंच म्हणाल्या, “कपडे घे. आज दुपारी मुलांच्या डॉक्टरांकडे जायचंय. मी मागच्या रिक्षाने येते.”

मुलांचे डॉक्टर त्याच रुग्णालयात आठवड्यातून तीन दिवस बसतात. त्यांनी बाळाचं वजन केलं, चार किलो शंभर ग्रॅम, आणि कोरड्या आवाजात सगळं सांगितलं. एवढ्या लहान मुलाला लागण झाली तर ती भराभर अंगात पसरते, कधी मेंदूपर्यंत. जन्मल्यावर दिलेली लस थोडं वाचवते, सगळं नाही. बाळ खाकरून थुंकी देत नाही, रात्रभर गिळत असतं. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून बारीक नळी पोटात घालून तिथलं पाणी काढायचं. लागोपाठ तीन सकाळी.

मुलीने विचारलं, “अंगावर पाजू ना?”

“पाजा. तुमचा एक्स-रेही काढू. तुम्ही स्वच्छ असाल तर बिनधास्त पाजा.”

मुलगी स्वच्छ निघाली. किल्ल्यावाला नवराही. त्याने एक्स-रे खोलीत विचारलं, “पितळेचा कीस दिसतोय का आत?” कुणी हसलं नाही म्हणून तो स्वतःच थोडा हसला.

शुक्रवार, शनिवार, रविवार, तीन सकाळी मावशी तळमजल्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून होत्या. त्या बाकावर त्या याआधी कधी बसल्या नव्हत्या. तिथे बसलेल्यांना त्यांनी वर्षानुवर्षं नंबर पुकारून वर बोलावलं होतं. आत जायची त्यांना मनाई होती. बंद दारामागून बाळाचा आवाज यायचा. आधी रडणं, मग नळी जाताना घशात अडकलेला घुटमळता आवाज, मग क्षणभर काहीच नाही, मग पुन्हा रडणं. मधली ती शांतता किती सेकंदांची हे त्या मोजत. पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोजलं नाही. शनिवारी जावई आला. तो सासूच्या समोरून गेला, थांबला, “काळजी घ्या” म्हणाला आणि आत गेला. त्यात राग होता की नाही, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

मंगळवारी निकाल आला. तिन्ही नमुन्यांत जंतू नाही. एक्स-रे स्वच्छ. “आज तरी काही नाही,” मुलांचे डॉक्टर म्हणाले. “आज तरी” यावर त्यांनी जोर दिला. लागण आत दडून असू शकते. म्हणून सहा महिने रोज एक औषध, गोळी पाण्यात विरघळवून चमच्याने. एक दिवसही चुकवायचा नाही. ताप आला, दूध सोडलं, मलूल पडलं, तर त्याच दिवशी यायचं.

मुलगी त्याच संध्याकाळी जावयासोबत आपल्या घरी गेली. सामान तिने सकाळीच बांधून ठेवलं होतं. गुरुवारपासून मावशी गच्चीतच झोपत होत्या; त्या तिथेच उभ्या होत्या, तिने खालून वर बघितलं. हात हलवला नाही, पण बघितलं.

पुढचे सहा महिने मावशींनी जसे काढले तसे त्या वहीतल्या नोंदीसारखे सांगतात. सकाळी वजनाप्रमाणे गोळ्या, लघवी नारिंगी, पहिले दोन आठवडे मळमळ. तिसऱ्या आठवड्यात ताप वाढला तेव्हा वाटलं, औषध लागू पडत नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, जंतू मरतात तेव्हा त्यांचे अवशेष बघून शरीर आणखी चवताळतं, कधी कधी बरं होताना माणूस जास्त आजारी दिसतो. दोन महिन्यांनी थुंकीत जंतू उरला नाही. लोकांनी अभिनंदन केलं. त्यांनी त्याच दिवशी परवानगी घेऊन आपलं रक्त पुन्हा उकळत्या पाण्यात ठेवलं. आकडा ०.२७. जंतू गेला होता, गंज अजून होता. तिसऱ्या मजल्याच्या जिन्याला त्यांना दोनदा थांबावं लागत होतं. भोक भरत आलं तरी तिथे व्रण राहणार, आणि व्रणातून हवा जात नाही. एक्स-रेवाला विचारायचा, “काय मिलीमीटर, किती पायऱ्या?” त्या आकडा सांगायच्या. अठरा. बावीस. पंचवीस.

आतल्या उरलेल्या अकरा जणांचे एक्स-रे निघाले. कुणालाच टीबी नव्हता. एकट्या लिफ्टवाल्याची एक बरगडी केव्हातरी मोडून जुळलेली सापडली. ती कधी मोडली हे त्याला आठवेना. पंधरा दिवस तो तेच सगळ्यांना सांगत होता. अभ्यासासाठी नवा चाळिसावा माणूस शोधला गेला, एक्स-रे काढून.

मुलीचा फोन रविवारी यायचा. दोन मिनिटांचा. औषध दिलं. वजन पाच आठशे. वजन सहा दोनशे. ताप नाही. मावशी एका कागदावर लिहून घ्यायच्या. एकदा मंगळवारी अवेळी फोन वाजला. ताप, एकशे एक. त्या दिवशी त्यांनी तीन नमुने उलटे लावले, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि एक्स-रेवाल्याने खुर्चीत बसवून ठेवलं. संध्याकाळी पुन्हा फोन आला. दात येत होता. मुलगी पलीकडे हसत होती आणि रडत होती. फोन ठेवताना म्हणाली, “तुझा खोकला?” “गेला,” मावशी म्हणाल्या. “खात्री आहे?” मुलीने विचारलं. टोमणा होता, पण इतक्या महिन्यांतला पहिला.

औषध संपलं त्या आठवड्यात बाळाची शेवटची तपासणी होती. मावशींचा कोर्सही संपला होता, थुंकी तिसऱ्यांदा स्वच्छ आली होती. मुलीने कळवलं होतं फक्त वार आणि वेळ. ये, असं म्हटलं नव्हतं. त्या गेल्या आणि मुलांच्या डॉक्टरांच्या खोलीत भिंतीशी उभ्या राहिल्या.

बाळ आता आठ महिन्यांचं होतं. आईच्या मांडीवर बसून ते डॉक्टरांच्या गळ्यातली नळी ओढत होतं. डॉक्टरांनी दोनदा छातीला लावून बघितलं आणि मान हलवली.

“फार शहाणं आहे हे. उथळ श्वास घेतंय. मला खोल श्वास ऐकायचाय. रडलं तर बरं, रडताना मूल छाती भरून हवा घेतं. याला रडवा जरा.”

मुलीने चिमटा काढल्यासारखं केलं. बाळ हसलं. तिने खुळखुळा काढून घेतला. त्याने आपली मूठ तोंडात घातली.

“अनोळखी माणसाकडे द्या,” डॉक्टर म्हणाले. “या वयात हमखास रडतात.”

मुलीने इकडेतिकडे बघितलं. खोलीत डॉक्टर होते, ती होती, आणि भिंतीशी तिची आई.

“हिच्याकडे देते,” ती म्हणाली. “हिला तो ओळखत नाही.”

मावशींनी हात पुढे केले. बाळ त्यांच्या हातात आलं, नुसत्या वजनाने हात खाली गेले, आणि त्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ओठ थरथरले. मग त्याने अंगातलं सगळं बळ एकवटून टाहो फोडला. डॉक्टरांनी चटकन नळी पाठीला लावली. उजवीकडे वर, उजवीकडे खाली, डावीकडे. बाळ श्वास आत ओढायचं तेव्हा खोलीत दुसरा आवाज नसायचा. मुलगी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती. मावशी कुणाकडेच बघत नव्हत्या. त्या बाळाची पाठ एका हाताने सरळ धरून होत्या, नळी हलू नये म्हणून.

“स्वच्छ,” डॉक्टर म्हणाले. “दोन्हीकडे. औषध बंद करा. वर्षाचा झाला की एकदा दाखवा.”

त्यांनी कानातून नळी काढली आणि लिहायला बसले. बाळ अजून रडतच होतं. मावशींनी ते परत द्यायला हात पुढे केले.

मुलगी पिशवीत खुळखुळा भरत होती. मान वर न करता म्हणाली, “असू दे. थोडा रडू दे. सवय व्हायला वेळ लागेल त्याला.”

त्यांनी हात मागे घेतले आणि बाळाला खांद्यावर टेकवलं.